सोडून दिलेले रूळ कोणाचे आणि त्यांच्या खालची मोरी कोणाची?

कांदळवन

आमच्या शहराच्या मधोमध रेल्वेची एक जुनी साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेली मालगाड्यांची शाखा, आहे. स्टेशनापासून निघून, बाजारपेठेच्या मागून, कोळीवाड्याला खेटून ती खाडीकाठच्या कारखान्यापर्यंत जात असे. कारखाना बंद पडला, वाघिणी (मालगाडीचे डबे) यायच्या थांबल्या आणि गेली वीसेक वर्षे त्या रुळांवर इंजिनाचे चाक फिरलेले नाही. स्टेशनाजवळचा सांधा कधीच काढून नेला आहे, त्यामुळे उद्या कोणी गाडी आणायची म्हटले तरी ती मुख्य मार्गावरून इकडे वळू शकणार नाही. थंडी-उन्हाळ्यात कोळणी खडीवर जाळी अंथरून जवळा आणि सोडे सुकत घालतात, शाळेची मुले स्लीपर मोजत जातात आणि बाजाराच्या टोकाला रिक्षांचा थांबा झाला आहे.

नगरपरिषदेने दोन वर्षांपूर्वी ठराव केला की ही पट्टी शहराला मिळावी, तेथे पायवाट आणि एक पर्यायी रस्ता करता येईल. विकास आराखड्याच्या प्रारूपात तशी रस्त्याची आखणीही दाखवली गेली. रेल्वेकडून उत्तर आले की मार्ग ‘सोडून दिलेला’ नसून केवळ ‘वापरात नसलेला’ आहे, जमीन रेल्वेच्या मालकीची आहे आणि तिच्यावरील अनधिकृत कब्जे हटवण्यात येतील. त्यानंतर टपऱ्यांवर नोटिसा चिकटल्या. शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला कोणा अधिकाऱ्याची तक्रार करायची नसून हा गुंता कसा सुटतो एवढेच समजून घ्यायचे आहे.

गेल्या जुलैत या वादाला दुसरेच वळण लागले. साइडिंगचा भराव बाजारपेठ आणि खाडी यांच्या मध्ये आडवा आहे आणि त्याखालून पाणी जाण्यासाठी एकच मोरी आहे. ती गाळाने आणि प्लास्टिकने बुजली होती. भरतीची वेळ आणि पावसाची सर एकत्र आली तेव्हा भुसार दुकानांत गुडघाभर पाणी शिरले. नगरपरिषद म्हणाली की मोरी रेल्वेची आहे, आम्ही हात लावला तर अतिक्रमण ठरेल. रेल्वेचे स्थानिक अधिकारी म्हणाले की मार्गच बंद असल्यामुळे देखभालीसाठी तरतूद नाही. जमिनीवर दोघेही हक्क सांगतात, मोरी मात्र दोघांनाही नको आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पागोळी

वीस वर्षे वापर नाही म्हणजे हक्क गेला, इतके हे सरळ आहे. नगरपरिषदेने सरळ रूळ उखडावेत आणि डांबर घालावे. रेल्वे न्यायालयात जाईल, निकाल लागेपर्यंत रस्ता झालेला असेल.

दिवाणी दावा

पागोळी, हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये म्हणून सविस्तर लिहिते. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि असल्या समजुतीपायी लोकांचे झालेले नुकसान रोज पाहते.

सरकारी जमिनीवर प्रतिकूल कब्जाने हक्क सांगायचा असेल तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११२ प्रमाणे ३० वर्षे लागतात. खासगी जमिनीची १२ वर्षे येथे लागू होत नाहीत. शिवाय तो कब्जा मालकाच्या विरोधात, उघडपणे आणि स्वतःला मालक समजून केलेला असावा लागतो. आपल्या नगरपरिषदेने तर रेल्वेला पत्र लिहून जमीन मागितली आहे. ज्याच्याकडे मागितली तो मालक, हे त्या पत्रानेच कबूल झाले. आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना वावरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सोडे सुकवणाऱ्या बाईवर कोणी ते कलम लावत नाही, ही सवलत आहे, हक्क नव्हे.

विकास आराखड्यातील आखणीचेही तसेच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली आरक्षण टाकता येते, पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. दहा वर्षांत जमीन संपादन केली नाही तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊन आरक्षण व्यपगत (रद्द) करण्याची मागणी करू शकतो. उलट रेल्वेला स्वतःचे रूळ, पूल, इमारती बांधायच्या असतील तर रेल्वे अधिनियमाचे कलम ११ ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ या शब्दांनीच सुरू होते. आपला आराखडा रेल्वेच्या कामासमोर फार वेळ टिकेल असे मला वाटत नाही.

भाटवाडीकर

या निमित्ताने एक जुनी शंका विचारतो. त्या साइडिंगसाठी आमच्या आजोबांची खाजण जमीन घेतली गेली होती, भरपाईचा कागद अजून पेटीत आहे. ज्या कामासाठी घेतली ते कामच संपले, तर जमीन आम्हाला परत का मिळू नये? अमेरिकेत तशी परत मिळते असे वाचले आहे.

दिवाणी दावा

भाटवाडीकर, अमेरिकेतले उदाहरण खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. तेथे अनेक ठिकाणी रेल्वेला जमिनीची मालकी मिळालेलीच नव्हती, फक्त वहिवाटीचा हक्क मिळाला होता. रेल्वेने मार्ग सोडला की तो हक्क विरतो आणि मूळ मालकाची जमीन मोकळी होते. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वायोमिंग राज्यातील ब्रँट कुटुंबाच्या बाजूने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला तो याच मुद्द्यावर. म्हणूनच तेथे १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून एक युक्ती काढण्यात आली: रूळ काढून पायवाट करायची, पण कागदोपत्री मार्ग भविष्यातील रेल्वेसाठी ‘राखीव’ समजायचा, म्हणजे तो सोडून दिला असे ठरत नाही.

आपल्याकडे १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ताबा घेतला की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन पूर्णपणे सरकारची होत असे. केरळ सरकार विरुद्ध भास्करन पिल्लई या १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मूळ काम संपल्यावर उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरावी, आणि तसे काम नसेल तर जाहीर लिलाव करावा. मूळ मालकाला जुन्या भावाने परत द्यावी असे नाही. तुमचा कागद जपून ठेवा, पण तो आता आठवण म्हणून.

जुना गँगमेट

मी पी-वे खात्यात, म्हणजे रुळांच्या देखभालीत, चौतीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कोकणात. वकीलताईंनी कायदा सांगितला, मी जमिनीवरचे सांगतो.

आमच्या भाषेत ‘गाडी बंद’, ‘मार्ग बंद’ आणि ‘मार्ग उखडला’ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गाडी बंद होणे म्हणजे काहीच नव्हे, उद्या पुन्हा सुरू होते. मार्ग बंद म्हणजे सांधा काढून साइडिंग मुख्य मार्गापासून तोडली, पण रूळ आणि जमीन हिशेबात कायम राहिली. रूळ रीतसर उखडून भंगारात जमा झाले आणि तसा कागद झाला, तरच तिसरी पायरी येते, आणि तेव्हाही जमीन रेल्वेकडेच राहते. तुमची साइडिंग दुसऱ्या पायरीवर अडकलेली दिसते.

आता साइडिंग कारखान्याची होती, हे कोणी लक्षात घेतलेले नाही. अशा साइडिंगचा कारखान्याशी करार असतो. रूळ, स्लीपर, खडी यांचा खर्च कोणी केला आणि देखभाल कोणाकडे होती हे त्या करारात लिहिलेले असते. कित्येकदा जमीन रेल्वेची आणि वरचे लोखंड कारखान्याचे असा प्रकार निघतो. कारखाना बुडाला असेल तर त्या लोखंडावर बँकेचा हक्क असू शकतो. म्हणजे पागोळींनी रूळ उखडलेच, तर ते कोणाचे उखडले हेही त्यांना कळणार नाही.

एक काम आजच करता येईल. रुळाच्या उभ्या पट्टीवर बाजूने पाहिले की उठावाची अक्षरे दिसतात. रूळ बनवणाऱ्या कारखान्याचे नाव, वजन आणि रूळ तयार झाल्याचे वर्ष त्यात असते. गंज असेल तर खडूची भुकटी चोळा, वाचता येते. आणि भरावाच्या दोन्ही बाजूंना, झुडपात, कमरेएवढे लोखंडी खुंट शोधा. जुन्या रुळाचे तुकडे कापून ते उभे पुरलेले असतात. तीच रेल्वेची हद्द. नकाशावर भांडण्याआधी खुंट मोजावेत.

सुरंगी

सगळेच रूळ काढायच्या गोष्टी करत आहेत म्हणून वेगळे मत मांडते. रूळ एकदा गेले की ती पट्टी परत सरळ मिळत नाही. वळणे, चढ, रुंदी हे सारे पूर्वीच्या लोकांनी साधून ठेवलेले असते. मुंबईत अंधेरीहून तुर्भे (ट्रॉम्बे) बेटाकडे जाणारा मार्ग १९२८ साली सुरू होऊन १९३४ साली बंद झाला आणि आज त्याचा माग काढणेही कठीण आहे. उलट उरणकडे जानेवारी २०२४ मध्ये लोकल पोहोचली तेव्हा त्या भागाचे चित्रच बदलले. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडी जाते, पण अलिबागकर प्रवासी गाडीची वाट पाहून थकले. अशा स्थितीत असलेले रूळ आपणच उखडावेत हे मला पटत नाही.

पागोळी

सुरंगीताई, पावणेदोन किलोमीटरच्या साइडिंगवर कोणती प्रवासी गाडी येणार आहे? भावनेला मान आहे, पण पाणी आमच्या दुकानात शिरले होते. निदान नगरपरिषदेने त्या जमिनीवर घरपट्टी तरी लावावी, म्हणजे रेल्वेला जाग येईल.

दिवाणी दावा

तेही होत नाही. केंद्र सरकारच्या मालमत्तेला संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे स्थानिक करातून सूट आहे. दिलेल्या सेवांचा आकार घेता येतो, राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयात तसे ठरले. पण ओसाड साइडिंगला नगरपरिषद कोणती सेवा पुरवते, हा प्रश्न मग आपल्याच अंगावर येईल.

दूरचा किनारा

मी मूळचा रत्नागिरीचा. काही वर्षे कॅनडात व्हँकुव्हर शहरात नोकरीला होतो आणि असाच एक वाद तेथे डोळ्यांसमोर संपताना पाहिला. तो येथे लिहिणे उपयोगी होईल असे वाटते, कारण त्यात शहर न्यायालयात जिंकले आणि तरीही शेवटी पैसे मोजून मोकळे झाले.

आर्ब्युटस नावाच्या रस्त्याला समांतर कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा सुमारे नऊ किलोमीटरचा मार्ग होता. १९०२ साली बांधलेला, पुढे विजेच्या गाड्या धावलेला, आणि शेवटी एका बिअरच्या कारखान्यासाठी तुरळक मालगाड्या जात असलेला. २००१ नंतर तेही संपले. त्याआधीच, २००० साली, शहराने आराखडा मंजूर करून ठरवले की ही पट्टी वाहतूक आणि हरितमार्ग यांसाठीच राहील. रेल्वेला तेथे इमारती उठवून जमीन विकायची होती. तिचे म्हणणे असे की शहराने एक पैसा न देता आमची जमीन खाऊन टाकली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये एकमताने शहराच्या बाजूने निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती मॅकलाक्लिन यांच्या निकालाचा गाभा असा की, शहराला त्या जमिनीत कोणताही लाभाचा हक्क मिळालेला नाही आणि रेल्वेचे सर्व वाजवी उपयोगही हिरावले गेलेले नाहीत, कारण रेल्वे तेथे आजही गाडी चालवू शकते. म्हणून भरपाई नाही.

लोकांनी आनंद साजरा केला. मी राहत असे त्या भागात रुळांच्या कडेने वाफे होते, त्यांत भोपळे, मटार, राजगिऱ्यासारखी कसली तरी भाजी लावलेली असे. अनेक बागा तर निकालाच्या कितीतरी आधीपासून होत्या. कोणीही लेखी परवानगी घेतलेली नव्हती. मग २०१४ च्या उन्हाळ्यात रेल्वेने यंत्रे आणली आणि वाफे उखडायला सुरुवात केली. डबे उभे करून ठेवायला आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला मार्ग हवा आहे, असे कारण दिले. शहराने मनाई हुकूम मागितला, प्रांताच्या न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये तो नाकारला. खरे पाहता रेल्वेने नवे काहीच मांडले नव्हते. २००६ च्या निकालातले ‘गाडी चालवू शकते’ हेच वाक्य तिने जमिनीवर आणले.

मार्च २०१६ मध्ये शहराने साडेपाच कोटी कॅनेडियन डॉलरना ती पट्टी विकत घेतली. त्याच वर्षी रूळ निघाले आणि तात्पुरती पायवाट झाली. मी त्या पायवाटेवरून रोज चालत असे. मला त्यातून समजले ते इतकेच की आराखड्याच्या जोरावर शहर रेल्वेला ‘तू हे करू नकोस’ असे सांगू शकते, पण ‘आता मी हे करतो’ असे सांगायला खरेदीखत किंवा भाडेकरार लागतो. सोळा वर्षे या दोन वाक्यांच्या मधे गेली.

कांदळवन

दूरचा किनारा, मनापासून आभार. आमच्या नगरपरिषदेला पहिले वाक्य म्हणण्याचाही अधिकार तितका नाही, हे वकीलताईंच्या प्रतिसादावरून कळते. मग निदान असे करता येईल का, की रेल्वेला ही जमीन नकोच आहे हे आपण पुराव्यांसह सिद्ध करावे, म्हणजे ती शहराला देणे त्यांना भाग पडेल?

दिवाणी दावा

कांदळवन, येथेच मोठा धोका आहे, म्हणून घाईने लिहिते. रेल्वेला नको असलेली मोकळी जमीन शहराकडे येत नाही. ती रेल भूमी विकास प्राधिकरणाकडे सोपवता येते. हे प्राधिकरण रेल्वे अधिनियमात दुरुस्ती करून नेमले गेले ते अशा जमिनींचा व्यापारी उपयोग करून रेल्वेला उत्पन्न मिळवून देण्यासाठी. बाजारपेठेच्या मागची, खाडीपर्यंत जाणारी सलग पट्टी कोणत्या विकासकाला नको असेल? आपण पोटतिडकीने सिद्ध करणार की जमीन निरुपयोगी आहे, आणि त्याचे फळ म्हणून तेथे संकुल उभे राहणार. सप्टेंबर २०२२ मध्ये मालवाहतूक केंद्रांसाठी ३५ वर्षांपर्यंत, बाजारमूल्याच्या वार्षिक दीड टक्का दराने जमीन देण्याचे धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले, त्यावरून जमिनीकडे पाहण्याची दृष्टी कळते.

माझा सल्ला उलटा आहे. जमीन रेल्वेची आहे हे ठणकावून मान्य करा. मालकी मान्य केली की रेल्वे अधिनियमाचे कलम १६ समोर येते. लगतच्या जमिनींच्या मालकांसाठी आणि रहिवाशांसाठी पूल, मोऱ्या, नाले बांधणे आणि ते सुस्थितीत राखणे हे रेल्वे प्रशासनाचे कर्तव्य तेथे सांगितलेले आहे. गाड्या धावत असतील तरच, असे मला त्यात कोठेही आढळत नाही. आपले एकच पत्र जाऊ द्या: जमीन आपली, भराव आपला, म्हणून मोरीही आपली, ती पावसाळ्याआधी साफ करावी अथवा नगरपरिषदेला साफ करण्याची लेखी परवानगी द्यावी. पायवाटेसाठी परवान्याची मागणी त्यानंतर, वेगळ्या पत्राने.

जुना गँगमेट

वकीलताईंशी सहमत आहे. फक्त पत्र वरच्या कार्यालयाला पाठवताना कामे पाहणाऱ्या स्थानिक अभियंत्याला प्रत द्या आणि पत्रात मोरीचा क्रमांक लिहा. प्रत्येक मोरीच्या तोंडावर क्रमांक असतो. क्रमांकाशिवायचे पत्र टेबलावरून टेबलावर फिरते. आणि आपले गाव रोह्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते तुम्ही सांगणार नाही हे कबूल, पण पत्रावरचा पत्ता त्यावरच ठरतो. पलीकडे कोकण रेल्वे महामंडळ आहे.

सुरंगी

या तोडग्यात रूळही राहतात आणि पाणीही जाते. माझा विरोध मागे घेते.

पागोळी

मी मागे घेत नाही. जमीन त्यांची म्हणून मान्य करायचे आणि वर त्यांच्याकडे पायवाटेची भीक मागायची, हे मला अजून गिळवत नाही. परंतु पत्रावर व्यापारी संघातर्फे सही करेन.

कांदळवन

दोन महिन्यांनी लिहितो आहे. पत्र गेले, नगरपरिषदेने ठरावाची प्रत जोडली आणि व्यापारी संघाच्या व कोळीवाड्यातील महिलांच्या सह्या वेगळ्या गेल्या. गेल्या मंगळवारी रेल्वेचे एक अभियंता, नगरपरिषदेचे अभियंता आणि भूमी अभिलेखचे मोजणीदार अशी संयुक्त पाहणी झाली.

गँगमेटकाकांनी सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशी आम्ही करवंदीच्या जाळ्या तोडून हद्दीचे खुंट शोधले होते. अकरा सापडले. बारावा एका रिक्षावाल्याने टपरीचा खांब म्हणून वापरलेला निघाला, त्याला रंगही दिला होता. टपरी हद्दीच्या आत आहे की बाहेर, यावर दोन्ही अभियंत्यांचे अर्धा तास एकमत झाले नाही.

मोरीच्या तोंडावर चुन्याने लिहिलेला ७ आकडा शेवाळ खरवडल्यावर दिसला. गँगमेटकाकांच्या सूचनेवरून बांबूवर खुणा करून नेला होता, तो आत घातला तर कमानीच्या उंचीपैकी दोन हात गाळ आणि जेमतेम एक वीत मोकळी जागा निघाली. रेल्वेच्या अभियंत्यांनी ते मोजमाप स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आणि पंचनाम्यात ‘रेल्वेची मोरी क्रमांक ७’ असे शब्द लिहिले. नगरपरिषदेला स्वतःच्या खर्चाने गाळ काढण्याची परवानगी पंधरा दिवसांत देऊ, असे तोंडी सांगितले. लेखी अजून आलेले नाही. पायवाटेचा विषय काढताच ते हसून म्हणाले की आधी पाणी जाऊ द्या.

जवळा गोळा करणाऱ्या एका मावशीने त्यांना विचारले की आम्ही कोठे सुकवायचे. त्यांनी उत्तर दिले नाही, पण चालताना जाळ्यावर पाय पडू नये म्हणून ते खडीवरून उतरून कडेने गेले.

जुना गँगमेट

लेखी परवानगी मे महिन्याच्या आत घ्या. आणि गाळ खाडीच्या बाजूने काढायला सुरुवात करा, बाजाराच्या बाजूने नव्हे, नाहीतर काढलेला गाळ पहिल्याच सरीला पुन्हा आत जाईल.